एकोणपन्नास करून हरलेला

दिवाळीच्या फराळाला जमलो होतो. बॅटन रूजमध्ये मराठी घरं मोजकीच, त्यामुळे ज्याने बोलावलं त्याच्याकडे सगळेच हजर असतात. चिवड्यातले खोबऱ्याचे काप जरा जास्तच लालसर झाले होते, बायका स्वयंपाकघरात कोणाच्या तरी व्हिसाचं बोलत होत्या, आणि दिवाणखान्यात आवाज बंद करून कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल सामना लावला होता. विषय क्वार्टरबॅकवर, म्हणजे बॉल फेकून संघाचा हल्ला चालवणाऱ्यावर आला. लुइझियानात तो येतोच, पावसाळ्यात खड्ड्यांवर येतो तसा. एल.एस.यू.चा, म्हणजे इथल्या लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा, आजवरचा सगळ्यात भारी क्वार्टरबॅक कोण, तर जो बरो, यावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं. मी म्हटलं, "आणि जेडन डॅनियल्स?" त्यावर टेक्ससहून अलीकडेच बदली होऊन आलेले एक गृहस्थ शंकरपाळा तोंडात टाकत म्हणाले, "अहो, त्याचं वर्ष फुकट गेलं. दहा जिंकले, तीन हरले. हाती काय लागलं?" पुढचा शंकरपाळा उचलून ते गाडीच्या इन्शुरन्सकडे वळलेसुद्धा. मी तिथे काही बोललो नाही. फराळाला गेल्यावर कोणी भांडत नाही. पण घरी येताना गाडीत मी गप्प होतो, आणि बायकोने "काय झालं?" विचारल्यावर "डॅनियल्स" एवढंच म्हणालो. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिला सवय आहे.

आधी हिशेबच करायचा तर नीट करू. 2023 च्या सीझनला डॅनियल्सने 3,812 यार्ड पास फेकले, 40 टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपार पोचवणं) दिले, इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास) फक्त 4. हे नुसतं हाताचं काम. पायांनी 1,134 यार्ड आणि आणखी 10 टचडाऊन. त्या वर्षी देशातल्या कुठल्याही कॉलेजपेक्षा आमचा ऑफेन्स, म्हणजे हल्ल्याची फळी, सरस होता, सामन्यामागे सरासरी 45 च्या वर पॉइंट. हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी, त्याला मिळाली, ती काही सहानुभूतीने मिळाली नाही. आणि ते "दहा जिंकले" म्हणाले त्यातला दहावा विजय डॅनियल्सचा नाहीच. विस्कॉन्सिनविरुद्धचा बोल सामना, म्हणजे सीझन संपल्यावरचा जादा सामना, तो खेळलाच नाही, तिथे गॅरेट नसमायर उभा होता. म्हणजे डॅनियल्सच्या नावावर नऊ विजय आणि तीन पराभव. गृहस्थांनी त्याला एक विजय जास्तच दिला होता! पराभवांपैकी एक ओल मिसकडून (मिसिसिपी युनिव्हर्सिटीकडून), 30 सप्टेंबरला, 55-49. एकोणपन्नास पॉइंट करून माणूस हरतो. आमच्या डिफेन्सने त्या रात्री सातशेच्या वर यार्ड दिले. समोरचा संघ चालत चालत एंड झोनमध्ये जात होता आणि आमची पोरं मागून धावत होती. डॅनियल्स बाकावर बसायचा, पाणी प्यायचा, हेल्मेट चढवायचा, मैदानात जायचा, पुन्हा टचडाऊन करून परत यायचा. चेहऱ्यावर रेषा हलत नव्हती. मी असतो तर हेल्मेट फेकून मारलं असतं, आणि ते समोरच्या संघाला नव्हे.

मला 9-6 सुद्धा आवडला होता.

हे सांगायला हवं, कारण मी पॉइंटांच्या पावसाने भुललेला माणूस नाही. मी इथे केमिकल इंजिनिअरिंग शिकायला आलो तो काळ एल.एस.यू.चा कोच लेस माइल्सचा. सामन्याच्या ताणात मैदानावरचं गवत उपटून खाणारा कोच. त्याचा ऑफेन्स बघून पहिल्या दिवशी मला वाटलं, हा काय प्रकार आहे. क्वार्टरबॅक बॉल घेतो, मागे वळतो, धावणाऱ्याच्या पोटात कोंबतो, धावणारा ढिगाऱ्यात घुसतो, तीन यार्ड. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मग पंट, म्हणजे लाथ मारून बॉल समोरच्यांकडे. माझा रूममेट आंध्रचा होता, तो म्हणायचा हे खेळतायत का वजनं हलवतायत. पण 2011 च्या नोव्हेंबरात पहिल्या नंबरचा एल.एस.यू. टस्कलूसात दुसऱ्या नंबरच्या अलाबामाशी खेळला. एकही टचडाऊन नाही, सगळे लाथेने मारलेले, तीन-तीन पॉइंटांचे फील्ड गोल, अलाबामाचे चार हुकले, आणि ओव्हरटाइममध्ये आम्ही 9-6 जिंकलो. त्या सामन्यात मला पहिल्यांदा कळलं की एक यार्ड म्हणजे किती. डोंबिवलीच्या घरात रणजीच्या गप्पा ऐकत वाढलेल्या माणसाला ही जात ओळखीची होती. धावा देणार नाही, विकेट देणार नाही, तू थक. मुंबईच्या खडूस क्रिकेटवर पोसलेला पिंड असा सामना बघून खूश होणारच. त्याच सीझनच्या शेवटी, जानेवारीत, न्यू ऑर्लिन्सला त्याच अलाबामाने आम्हाला 21-0 धुतलं. संपूर्ण सामन्यात आमचे 92 यार्ड. अर्धं मैदान ओलांडायला चौथा क्वार्टर उजाडावा लागला. त्या रात्री अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये एक म्हातारा आजोबा ट्रकच्या टेलगेटवर बसून एकटाच म्हणत होता, फेक ना रे, एकदा तरी फेक. क्वार्टरबॅक तेव्हा जॉर्डन जेफरसन होता आणि सगळा दोष त्याच्यावर गेला. मला तेव्हाही वाटलं होतं, आजही वाटतं, की ज्याला वर्षभर फेकायला दिलंच नाही त्याने शेवटच्या रात्री कुठून फेकायचं?

बाबा माझे बँकेत होते, सुट्टीच्या दिवशी मैदानावर न्यायचे. क्रॉस मैदान, आझाद मैदान, जिथे काही चालू असेल तिथे. त्यांचं एकच सांगणं, बॅटकडे बघू नकोस, पाय बघ. बॅट सगळ्यांची छान दिसते. चेंडू पडायच्या आधी पाय कुठे गेले त्यावरून कळतं याला दिसलंय का नाही. ती सवय इथे फार कामी आली. स्टेडियममध्ये बॉल हवेत गेला की एक लाख डोकी वर होतात. टायगर स्टेडियमची क्षमता 1,02,321 आहे, तेव्हा लाख ही अतिशयोक्ती नाही. मी क्वार्टरबॅकच्या बुटांकडे बघत असतो. स्नॅपनंतर, म्हणजे बॉल हातात आल्यावर, तो तीन पावलं मागे जातो का पाच. समोरून भिंत कोसळायला लागली की टाचा उचलतो का रोवतो. फेकताना पुढचा पाय ज्याला फेकायचं त्याच्या दिशेने पडतो का भीतीच्या दिशेने. बाकी सगळं, हात, वेग, लांबी, हे कॅमेऱ्यावरही दिसतं. पाय मात्र टीव्हीवाले दाखवत नाहीत. त्यासाठी त्या चिकट उकाड्यात, वरच्या डेकवर, गुडघे समोरच्याच्या पाठीला लावून बसावं लागतं. खाली कुठेतरी जाम्बालायाच्या मोठ्या कढया रिकाम्या झालेल्या असतात, कपड्यांना धूर आणि कांदा-सिमला मिरचीच्या फोडणीचा वास धरलेला असतो, रस्त्यापलीकडे आपल्या आवारात आमच्या संघाचं चिन्ह असलेला खराखुरा वाघ झोपलेला असतो, आणि बँडने पहिले चार सूर वाजवले की शेजारचा अनोळखी माणूस खांद्यावर हात टाकतो.

बरोचे पाय बघून मी चक्रावलो होतो. ओहायो स्टेटमध्ये जागा मिळेना म्हणून 2018 ला तो इथे आला. पहिलं वर्ष साधंच, 16 टचडाऊन पास. चिवट वाटला, पण महान वगैरे नाही. मग न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून जो ब्रेडी कोच म्हणून आला, तिशीही न ओलांडलेला, आणि स्टीव्ह एन्समिंगरसारख्या मुरलेल्या कोऑर्डिनेटरच्या शेजारी बसला. घोगऱ्या आवाजाच्या मुख्य कोच एड ओरजरॉनने हे जमवून आणलं, त्याबद्दल त्याचं बाकी सगळं माफ. जिथे वर्षानुवर्षं मागे दोन धावणारे उभे असायचे तिथे एकदम मोकळं मैदान. पाचही जण बाजूंना पसरलेले, मागे एकटा बरो. सप्टेंबरात ऑस्टिनला टेक्सस विरुद्ध सामना होता. आम्ही 37-31 पुढे, अडीचेक मिनिटं शिल्लक, थर्ड डाऊन (चारपैकी तिसरा प्रयत्न) आणि सतरा यार्ड हवे. लेस माइल्सच्या राज्यात इथे बॉल पोटात कोंबून घड्याळ पळवलं असतं आणि मग देवाचा धावा. टेक्ससने सगळे गडी बरोच्या अंगावर सोडले. भिंत दोन्हीकडून आत येत होती. बरो मागे गेला नाही. तो पुढे सरकला, थोडा डावीकडे, अगदी आखूड पावलं, गर्दीच्या लोकलमध्ये दारापाशी उभा माणूस न पडता जागा काढतो तशी. आणि पुढचा पाय टेकायच्या आत बॉल गेलेला. जस्टिन जेफरसनने घेतला, 61 यार्ड, टचडाऊन. मी तो टीव्हीवर बघितला, तरी पाय दिसले, कारण रिप्ले खालच्या कॅमेऱ्यातून होता. त्या क्षणी मला कळलं की या वर्षी काहीतरी होणार आहे. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. अलाबामाला त्यांच्या घरी 46-41, ओक्लाहोमाविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच सात टचडाऊन पास, फायनलला क्लेमसनला 42-25, पंधरापैकी पंधरा. 5,671 यार्ड आणि 60 टचडाऊन. ब्रेडी एका वर्षात आला आणि गेला, वरच्या लीगमध्ये, एन.एफ.एल.मध्ये.

पण बरोकडे काय होतं तेही बघा. जेफरसन, जमार चेस, क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर, समोर दणकट लाइन, आणि ऐन वेळी जागा झालेला डिफेन्स. डॅनियल्सकडे मलिक नेबर्स आणि ब्रायन थॉमस होते, तेही एन.एफ.एल.च्या निवडीत पहिल्या फेरीत गेले, म्हणजे तोही काही भिकाऱ्यांच्या टोळीत नव्हता. फरक दुसऱ्या बाजूला होता. बरोला माहीत असायचं की एक ड्राइव्ह, म्हणजे बॉल मिळाल्यावरची एक चढाई, फसली तर चालेल. डॅनियल्सला ती मुभाच नव्हती. प्रत्येक वेळी मैदानात येताना त्याला सात पॉइंट करूनच परत जायचं होतं, आणि ते बाकीच्या सगळ्यांनाही ठाऊक होतं. मिझुरीविरुद्ध बरगड्यांवर मार बसला, परत आला. अलाबामाविरुद्ध डोक्याला मार बसून बाहेर जावं लागलं. पुढच्या शनिवारी, 11 नोव्हेंबरला, फ्लोरिडा इथे आली. मला वाटलं याला बसवतील. बसवायला हवं होतं, असंही मला अजून वाटतं. डोक्याच्या दुखापतीची चेष्टा नसते आणि त्या रात्री मी टाळ्या वाजवत होतो तेव्हा पोटात थोडं खटकतही होतं. तो उतरला. 372 यार्ड फेकले आणि 234 यार्ड पळाला. एकाच सामन्यात 350 च्या वर पास आणि 200 च्या वर धाव, हे कॉलेज फुटबॉलच्या वरच्या विभागात त्याआधी कोणीही केलेलं नव्हतं. त्यातली एक धाव 85 यार्डांची. मी ज्या कोपऱ्यात बसलो होतो तिथून तो आमच्यापासून दूर पळत गेला, त्यामुळे मला फक्त पाठ आणि टाचा दिसल्या. शिडशिडीत, ताठ, गुडघे उंच. आजूबाजूचे सगळे मोठी माणसं वाटत होते आणि तो शाळेतून उशिरा सुटलेला मुलगा. तीस यार्डांनंतर त्याच्या मागचे धावायचे थांबले तेही मी बघितलं. डिफेन्सचा माणूस धावता धावता चालायला लागतो, ते बघण्यासारखं असतं.

52-35 जिंकलो. म्हणजे त्याही रात्री पस्तीस दिलेच.

आता रँकिंगच्या ज्या नंबरांवरून वर्ष फुकट गेलं की सार्थकी लागलं हे ठरतं, त्यांचा भरवसा किती? 2007 ला आम्ही दोन सामने हरलेलो होतो, दोन्ही ओव्हरटाइममध्ये, आणि सातव्या नंबरवर होतो. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मिझुरी पडली, पिट्सबर्गने वेस्ट व्हर्जिनियाला 13-9 पाडलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या नंबरवर. तेव्हा पहिले दोन नंबरच फायनल खेळायचे, म्हणून तिथून थेट फायनल आणि विजेतेपद. 2011 ला त्याच पद्धतीने अलाबामाला, जिला आम्ही तिच्याच घरी हरवलं होतं, पुन्हा आमच्यासमोर आणून ठेवलं. 2007 ला जे दिलं ते 2011 ला व्याजासकट वसूल. 2003 ला तर आम्ही फायनल जिंकलो आणि पत्रकारांच्या मतदानात पहिला नंबर सदर्न कॅलिफोर्नियाला. दोन विजेते, एक देश. मग 2025 चं घ्या. सीझनच्या पहिल्या शनिवारी आम्ही चौथ्या नंबरच्या क्लेमसनला त्यांच्या घरी 17-10 हरवलं. नवव्यावरून तिसरे झालो, गावात झेंडे लागले. महिन्याभरात क्लेमसन कोणाकडूनही हरायला लागली आणि आमच्या त्या विजयाचं सोनं बघता बघता पितळ झालं. आम्ही तेच सतरा पॉइंट केले होते, तेच दहा दिले होते. सामना संपून गेला होता तरी त्याची किंमत दर सोमवारी बदलत होती. ऑक्टोबरअखेर टेक्सस ए अँड एमने आम्हाला घरात 49-25 मारलं आणि दुसऱ्याच दिवशी कोच ब्रायन केलीला घरी पाठवलं, पाच कोटी डॉलरांहून जास्त देणं डोक्यावर घेऊन. बोल सामन्याआधीचा सीझन सात विजय-पाच पराभवांवर संपला.

मला रँकिंगचा राग फक्त फुटबॉलमध्ये येतो, ही गंमत आहे. बेसबॉलमध्ये अजिबात नाही. फेब्रुवारीत कॉलेज बेसबॉल सुरू होतं, क्रॉफिशच्या उकडी सुरू होतात, हात महिनाभर लसूण आणि लाल मसाल्याने माखलेले असतात, आणि सोमवारी सकाळी कॉफीबरोबर मी चार-पाच वेगवेगळ्या याद्या उघडतो. एकीत आम्ही दुसरे, दुसरीत पाचवे, तिसरीत आठवे. फुटबॉलमध्ये असं झालं असतं तर मी दिवसभर चिडचिड केली असती. इथे मी मजेत वाचतो, कारण मला माहीत असतं की हे आषाढातल्या पावसाच्या अंदाजाइतकंच खरं. संघ आठवड्याला चार-पाच सामने खेळतो, शुक्रवारी सगळ्यात चांगला पिचर (चेंडू टाकणारा), रविवारी जो उरला तो, मंगळवारी कोण ते कोचलाही सकाळी कळतं. अॅल्युमिनियमच्या बॅटचा तो टणत्कार, वारा आत की बाहेर, अंपायरची स्ट्राइक झोन, एवढ्यावर यादी उलटीपालटी होते. आर.पी.आय. नावाचा एक हिशेब आहे, त्यात तुमची स्वतःची विजयांची टक्केवारी फक्त एक चतुर्थांश. अर्धा भाग तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी काय केलं याचा, उरलेला त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचा. शिवाय बाहेरगावी जिंकलात तर विजय 1.3 चा, घरी जिंकलात तर 0.7 चा. म्हणजे ॲलेक्स बॉक्स या आमच्या बेसबॉल स्टेडियममध्ये दहा हजार लोकांसमोर आम्ही जिंकतो तेव्हा आम्हाला पाऊण विजयही मिळत नाही. माझी मुलगी शाळेत सॉफ्टबॉल खेळते, स्कोअरबुक तीच लिहिते. तिला हे समजावलं तर म्हणाली, "बाबा, मग घरी खेळायचंच कशाला?" मी म्हटलं, "तू पण ना." पण प्रश्न बरोबर होता.

1999 ला कॉलेज बेसबॉलच्या अखेरच्या स्पर्धेत आजची चौसष्ट संघांची पद्धत सुरू झाली आणि त्या वर्षी पहिल्या सीडची, म्हणजे स्पर्धेआधी पहिला क्रम मिळालेली, मायामी जिंकली. त्यानंतर थेट 2024 ला टेनेसीपर्यंत एकाही वर्षी पहिला सीड जिंकला नाही. 2022 ला ओल मिसला यादीत अगदी शेवटी जागा मिळाली आणि ट्रॉफी तेच घेऊन गेले. 2025 ला पहिल्या सीडचं व्हँडरबिल्ट आपल्याच मैदानावर पहिल्याच फेरीत बाहेर. त्यांना शेवटचा धक्का ओहायोच्या राइट स्टेटने दिला. त्या वर्षी आम्ही सहावे होतो आणि जिंकलो, 2023 ला पाचवे होतो आणि जिंकलो. स्पर्धेचा शेवटचा टप्पा ओमाहात होतो, 2023 चा तिथला तो आठवडा मी आयुष्यात विसरणार नाही. पहिल्या सीडच्या वेक फॉरेस्टविरुद्ध आमचा पिचर पॉल स्कीन्स आणि त्यांचा रेट लाउडर, दोघांनी एकमेकांना एकही धाव दिली नाही. दहा इनिंग शून्य-शून्य. अकराव्यात आमच्या टॉमी व्हाइटचा होमरन, 2-0. मी सोफ्यावरून उठलो तेव्हा पाय बधिर झालेले होते. मग फ्लोरिडाशी फायनल. शनिवारी 4-3 जिंकलो. रविवारी 24-4 हरलो. सोमवारी 18-4 जिंकलो. तेच दोन संघ, तेच मैदान, मध्ये फक्त एक रात्र. रविवारी संध्याकाळी कोणी यादी बनवली असती तर आम्हाला कितवा नंबर दिला असता? आणि रविवारच्या त्या चोवीस धावा सोमवारी कुठे गेल्या? बेसबॉलवाल्यांना हा प्रश्न पडत नाही. ते म्हणतात, काल रविवार होता. ओमाहातल्या एका बारमध्ये जेली-शॉटची चढाओढ असते, कुठल्या कॉलेजचे लोक जास्त पितात ते फळ्यावर लिहितात. त्या वर्षी आमच्या लोकांनी 68,888 चा आकडा गाठला. ते एकमेव रँकिंग असेल ज्यावर कोणीच वाद घातला नाही.

स्कीन्स एअर फोर्स अकॅडमीतून आलेला, व्हाइट नॉर्थ कॅरोलायना स्टेटमधून. बरो ओहायोतून, डॅनियल्स ॲरिझोनातून. आमच्या अलीकडच्या वैभवातले बरेच खांब बाहेरून आणलेले आहेत, आणि मी ज्या देशात स्वतःच बाहेरून आलो तिथे याबद्दल तक्रार करायचा मला अधिकार नाही. तरी एक गोष्ट आतून टोचते. गॅरेट नसमायर 2021 ला आला आणि थांबला. त्याचे वडील डग नसमायर स्वतः क्वार्टरबॅक होते, मग कोच झाले, अलाबामाचा ऑफेन्स चालवला. पोर खेळाच्या गप्पा ऐकतच मोठं झालेलं. डॅनियल्स आला तेव्हा हा बाकावर गेला, आणि ज्या काळात पोरं दर डिसेंबरला दुसरं कॉलेज धरतात त्या काळात हा बसून राहिला. टोपी उलटी, हातात क्लिपबोर्ड, प्रत्येक टचडाऊनला सगळ्यात आधी डॅनियल्सला मिठी मारायला हाच. 2024 ला संघ त्याचा झाला. 4,052 यार्ड, 29 टचडाऊन, पण 12 इंटरसेप्शन. हात काय सुंदर! आणि पाय? मागच्या पायावर राहून फेकायची खोड. फेकल्यावर शरीर बॉलच्या मागे जायच्या ऐवजी दूर जातं. मला तो इतका आवडायचा की मी एक सीझन त्याच्या पायांकडे बघायचं टाळलं आणि इतरांसारखा बॉलकडे बघत राहिलो. 2025 ला पोटाच्या दुखापतीने त्याला धड उभं राहू दिलं नाही, आणि शेवटी अलाबामाविरुद्ध त्याला बसवावं लागलं. तेव्हा मला घरची आठवण आली. सचिन-विनोदने 664 ची भागीदारी केली तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून अमोल मुझुमदार पॅड बांधून बसला होता. बाबा हे नेहमी सांगायचे, आणि सांगताना सचिनचं नाव दुय्यम असायचं. नंतर अकरा हजारांवर फर्स्ट क्लास धावा, भारताची टोपी नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये भारताच्या मुलींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कोच तोच होता. इकडे रविवारची दुपार होती, मी बाबांना फोन लावला, तिकडे मध्यरात्र उलटत आलेली. ते म्हणाले, "बघितलंस? आपला अमोल." आणि मग नाक शिंकरत राहिले. त्या दिवसाने पॅड बांधून बसणं भरून निघालं असं मी म्हणणार नाही, बाबाही म्हणाले नाहीत. नसमायरच्या आठवड्यातच हे झालं, म्हणून दोन्ही एकात एक मिसळलं गेलं आहे.

आता कोच म्हणून लेन किफिन आला आहे. ओल मिसला अकरा विजयांपर्यंत नेऊन, ते प्लेऑफच्या दारात असताना त्यांना सोडून. त्यांच्या लोकांचा संताप मला समजतो, आणि त्याचा ऑफेन्स आमच्याकडे आल्याचा आनंदही लपत नाही. 55-49 च्या रात्री समोरच्या बाजूला उभा राहून आमचे सातशे यार्ड काढणारा माणूस हाच. त्याचा ऑफेन्स झपाट्याचा. एक प्ले संपली की दम घ्यायला न देता दुसरी. पॉइंट होतील, प्रश्नच नाही. ऑफेन्स इतका घाईत खेळला की डिफेन्सला बाकावर घाम पुसायलाही वेळ मिळत नाही, हे मात्र आमच्या लोकांना अजून सांगायचं आहे. 2023 पुन्हा बघायची तयारी ठेवा म्हणावं.

गृहस्थांशी त्यानंतर भेट झाली ती भारतीय किराणाच्या दुकानात, कढीपत्त्यासाठी. फुटबॉल निघालाच नाही. पण मनातल्या मनात मी त्यांना जे सांगत आलो आहे ते हे: थर्ड डाऊन आहे, सतरा यार्ड हवेत, अडीच मिनिटं उरलीत आणि सामना जिंकायचाच आहे, तर मी बरोला उभा करीन, डोळे झाकून. पण कोणी आधीच कानात सांगितलं की आज आपण हरणार आहोत, तिकीट काढायचं तर काढ, तर मी डॅनियल्ससाठी काढीन. ओल मिसचा तो सामना माझ्याकडे रेकॉर्ड केलेला आहे. मुलगी अभ्यासाला बसली की कधी कधी लावतो. आमचा डिफेन्स मैदानात आला की पुढे ढकलतो, त्यामुळे चार तासांचा सामना तासाभरात होतो, आणि त्या तासाभरात आम्ही एकदाही मागे पडल्यासारखे वाटत नाही.